सैतानाची वेल आणि व्लात्कोची भिंत

कूबर पेडी
६ नोव्हेंबर

अरेती,

तुझी कुंडी पोचली. ॲडलेडहून बसच्या पोटात, लोकांच्या बॅगांखाली दबून आली तरी जिवंत होती. थांब्यावरून व्लात्कोनं आणून दिली. आपला शेजारी अजून तसाच आहे. भिंतीपलीकडून आमचा खोकला ऐकतो आणि "दोघंही आहात ना?" म्हणून ओरडून विचारतो. कुंडी दारात ठेवून म्हणाला, "स्टामाता, तुझ्या लेकीनं पाला पाठवलाय. चिठ्ठी नाही." चिठ्ठी नाही हे मलाही दिसत होतं, त्यानं सांगायची गरज नव्हती.

चिठ्ठीच्या जागी दुकानाचं छापील कार्ड होतं. 'घरात झाडं ठेवण्याचे फायदे.' मी चष्मा लावून सगळं वाचलं. हवा शुद्ध होते म्हणे. अगं, डोंगर पोखरून केलेल्या ह्या घरात हवा वरनं नळकांड्यातून खाली येते आणि येताना लाल धूळ घेऊन येते. तुझी ही चार पानं ती गाळत बसली तर त्यांचं वय जाईल. मन शांत होतं म्हणे. माझं शांतच आहे, अशांत कोण आहे ते तुला माहीत आहे. झोप चांगली लागते म्हणे. जमिनीखाली दिवा मालवला की डोळे उघडे आहेत का मिटलेत तेही कळत नाही, तिथं झोपेला काय तोटा? शेवटी लिहिलंय, घरात जीव आल्यासारखं वाटतं. त्यावर मी आत्ताच काही बोलत नाही.

कुंडीला नावाची पट्टी आहे, तीही वाचली. सैतानाची वेल! मी ती मरियामातेच्या तसबिरीपासून जरा लांबच ठेवली आहे.

फोन का केला नाही विचारशील. तू फोनवर दोन वाक्यांत आटपतेस, आणि ह्या घरात स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी आतल्या शेवटच्या खोलीत ऐकू जातं. म्हणून लिहिते. खरं तर कागद एकाच गोष्टीसाठी घेतला होता. तुझ्याशिवाय पाच ईस्टर झाले. पुढचा एप्रिलात आहे. येशील का?

बाबा बरे आहेत. कुंडी बघितली. काही बोलले नाहीत.

आई


२९ नोव्हेंबर

अरेती,

बाबा काही बोलले नाहीत असं मी लिहिलं होतं. बोलले होते.

"हे काय?"

"झाड."

"ते दिसतंय. आलं कुठून?"

"क्लबाच्या सोडतीत लागलं."

"सोडतीत मटण लागतं."

"ह्या वेळी झाड लागलं."

"म्हणजे मटण कुणीतरी दुसऱ्यानं नेलं," म्हणाले, आणि संध्याकाळभर त्या मटणाचं दुःख करत बसले.

तर हे असं आहे. ते झाड तुझं आहे हे त्यांना माहीत नाही. तुझं नाव घेतलं असतं तर कुंडी तिथल्या तिथं वर उन्हात गेली असती, आणि ह्या दिवसांत इथं उन्हात ठेवलेल्या झाडाचं दुपारपर्यंत काय होतं ते तुला सांगायला नको. तुला राग येईल. येऊ दे. मी तुझ्या बापाशीही खोटं बोलले आणि तुझ्याशीही, आणि दोन्ही वेळा कुंडी वाचली.

त्या ईस्टरचं मी आजवर काही लिहिलं नाही. तू टेबलावर सगळ्यांदेखत म्हणालीस, "आईला तुम्ही चाळीस वर्षं थडग्यात ठेवलंय." बाबा म्हणाले, "मग थडग्यात परत पाय ठेवू नकोस." तू बॅग उचललीस. तू त्यांच्यासारखीच आहेस, शब्द एकदा तोंडातून गेला की तो परत घ्यायचा नाही, मग त्याच्याखाली कुणी का चिरडेना. तुझी खोली मी झाडून ठेवते. बाबांनी तिथं दोरखंडाची भेंडोळी आणि रिकामी पिंपं ठेवली आहेत. जागा नाही म्हणतात. जागा भरपूर आहे.

वेलीचं नाव मात्र त्यांना आवडलं. मी पट्टी वाचून दाखवली. "अंधारातही तग धरते असं लिहिलंय," म्हटलं. ते म्हणाले, "मग बरोबर घरी आली."

माहेरी, बेटावर, माझ्या आईच्या दाराशी सब्ज्याचं रोप असायचं. ह्या घरात मी चार वेळा सब्जा लावून बघितला, चारही वेळा काड्या झाल्या. तेव्हापासून ह्या घरात हिरवं म्हणून फक्त भांडी घासायचा ब्रश होता. आता सकाळी चहाचं पाणी ठेवताना आधी तिच्याकडे बघते. तुझ्या कार्डाला खूश करायला सांगत नाही, घडतंय ते सांगते.

आई


१७ जानेवारी

अरेती,

झाडाच्या खताची बाटली मिळाली. चिठ्ठी पुन्हा नाही. पण पत्रं वाचतेस एवढं कळलं, आणि मी त्यावर समाधान मानते. तुझ्या बापाबरोबर इतकी वर्षं काढल्यावर थोडक्यात समाधान मानायची सवय होते.

वर उन्हाची आग लागली आहे. माशासुद्धा आमच्या दारात येऊन आत घ्या म्हणतात. आम्ही खाली गारव्यात आहोत. थडग्याचा एवढा एक फायदा आहे.

एक गोष्ट लपवली होती. डिसेंबरात बाबांना दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. छाती. सगळं आयुष्य खाणीतली धूळ खाल्ली, ती आता हिशोब मागते आहे. तिथली नर्स चांगली आहे. तिनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, ह्यांना नुसतं पडून राहू देऊ नका, हिंडतं ठेवा, उठायला काहीतरी कारण द्या. नाहीतर मोठ्या इस्पितळाजवळ शहरात राहायला जा. बाबा पलंगावरून म्हणाले, "शहरात जाऊन काय करू? भिंतीकडे बघू? भिंती इथंही आहेत." दवाखान्यातून आले ते पलंगावरच. जेवायला उठायचे आणि परत जाऊन पडायचे. मला भीती वाटली, अरेती. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू आली असतीस तर ती भीतीनं आली असतीस, आणि मला तसं नको होतं.

आता वेलीचं सांगते. तिची नवी पानं बारकी यायला लागली. पानांवरचे पिवळे शिंतोडे गेले आणि सगळी वेल बाहेरच्या दाराच्या खोलीकडे मान वळवून बसली. मी म्हटलं, सुकतेय बहुतेक. बाबा पलंगावरून उठून आले, चष्मा काढला, परत घातला.

"सुकत नाहीये. उजेड शोधतेय."

जन्मभर अंधारात ओपलचे खडे शोधलेला माणूस. शोधणारं कुणी दिसलं की त्याला बसवत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून त्यांनी कुंडी उचलली आणि दाराच्या खोलीतल्या उजेडात नेऊन ठेवली, आणि ऊन चढायच्या आत परत आणली. तेव्हापासून रोज चाललंय. जाताना-येताना दोनदा धाप लागते म्हणून मध्ये थांबतात, पण मला हात लावू देत नाहीत. पाणीही मी घालायचं नाही. मी जास्त घालते म्हणे. कुंडीजवळ उभं राहून आपल्या भाषेत बोलतात. परवा ऐकलं, "वाढ की गं आळशे, फुकटचं खातेस." इतक्या मायेनं ते माझ्याशीही कधी बोलले नाहीत.

खोकला तसाच आहे. हवा शुद्धबिद्ध काही झालेली नाही, तुझं कार्ड थापा मारतं. पण दाढी रोज होते.

मी वेलीचे दोन-चार तुकडे काढून पेल्यात ठेवले, तर आठवड्यात मुळ्या फुटल्या. क्लबातल्या बायकांना कळलं. आता एकेक जण तुकडा मागायला येते, कॉफी घेते, उठायचं नाव घेत नाही. ह्या दारातून वर्षभरात आली नव्हती तेवढी माणसं महिन्यात आली. बाबा आतून ओरडतात, "झाड द्यायचं तर द्या, बरोबर घर देऊ नका!" मग कप घेऊन स्वतःच बाहेर येऊन बसतात.

भानगड एकच झाली. मी दगडी फळीवर कुंडी ठेवली होती, खालची बशी लहान, पाणी दगडात मुरलं. ह्या दगडाचं आणि पाण्याचं वैर तुला माहीत आहे. फळीचा पापुद्रा सुटून पडला. बाबा चिडले, आणि चिडता चिडता त्यांना उत्साह आला. म्हणतात, स्वयंपाकघरात नळकांड्याच्या खाली वेलीसाठी नीट कोनाडा कोरतो, खाली पत्रा बसवतो. मी म्हटलं छाती आहे का कोरायला? म्हणाले, "म्हातारे, मी हे अख्खं घर कोरलंय."

ईस्टरचं तू काहीच कळवलं नाहीस.

आई


४ मार्च

अरेती,

बसून वाच.

बाबा रोज थोडं थोडं कोरत होते. कोनाडा सुरेख झाला होता. तेवढ्यावर थांबले असते तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मी म्हटलं, "पुरे आता. कुंडी मावते."

"वेल वाढणार आहे."

"वाढली तर खाली सोडू."

"कुंडी पुढं आली तर पडेल. अजून वीतभर."

ह्या गावात प्रत्येक पुरुष असाच आहे. घर बांधायचं नसतं, पोखरायचं असतं, मग थांबायचं कुठं हे कुणाला कळतच नाही. खोली वाढवता वाढवता माणसं शेजाऱ्याकडे निघालेली मी इतकी वर्षं ऐकत आले. आमच्याकडे व्हायचं राहिलं होतं.

त्यांनी जोरात घाव घातला आणि आवाज बदलला. मग पलीकडे काहीतरी फुटलं. धूळ खाली बसली तर कोनाड्याच्या मागच्या अंगाला टोपलीएवढं भोक, भोकातून दिव्याचा उजेड, आणि उजेडात व्लात्कोचं तोंड. अर्ध्या तोंडाला साबण. बिचारा दाढी करत होता.

"अर्गिरी! माझा आरसा!"

"तुझा आरसा माझ्या भिंतीवर काय करतोय?"

"तुझी भिंत? ही माझी न्हाणी आहे!"

"भिंतीला दोन बाजू असतात. मी माझ्या बाजूनं कोरत होतो."

"आणि माझ्या बाजूला आलास! मान कापली गेली असती माझी!"

"साबण पूस आधी, काय बोलतोस ते कळत नाहीये."

मला इतकं हसू आलं की मी ओट्याला धरून खालीच बसले. इतक्या वर्षांत मी इतकी हसले नव्हते. तुझे बाबाही हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, व्लात्को भोकातून हात घालून त्यांच्या पाठीवर थोपटायला लागला. आणि थोपटता थोपटता म्हणाला, "पोरीनं एक रोपटं काय पाठवलं, म्हाताऱ्यानं डोंगर फोडला!"

खोकला थांबला.

"कुठल्या पोरीनं?"

व्लात्कोनं भोकातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पण उशीर झाला होता. त्यानं सावरायचा प्रयत्न केला. म्हणाला, "ती... सोडत काढणारी पोरगी नाही का, क्लबातली." क्लबात सोडत साठीच्या पुढचा एक टकला माणूस काढतो, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

बाबांनी हत्यार खाली ठेवलं. हात धुतले. आत जाऊन पलंगावर पडले. जेवले नाहीत.

व्लात्को बराच वेळ भोकात तोंड घालून, "स्टामाता, मी गाढव आहे," म्हणत होता. मी नाही म्हटलं नाही.

आई


१३ मार्च

अरेती,

हे पत्र रागात लिहिते आहे आणि फाडणार नाही.

आठवडा गेला. भोकावर व्लात्कोनं त्याच्या बाजूनं फळी ठोकली आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, कुंडीकडे बघत नाहीत, दाराच्या खोलीत जात नाहीत. परत पलंगावर. दाढी वाढली. नर्सनं सांगितलं होतं उठायला कारण द्या, आणि जे कारण मिळालं होतं ते तुझं निघालं, म्हणून ते नको. वेल ओट्याच्या कोपऱ्यात दाराकडे मान करून बसली आहे.

काल मी पलंगापाशी जाऊन उभी राहिले.

"झाडानं तुझं काय घोडं मारलंय?"

"तू माझ्याशी खोटं बोललीस."

"बोलले. खरं बोलले असते तर काय केलं असतंस?"

त्यांनी चादर वर ओढली.

"मी बसनं ॲडलेडला जाते. एकटी."

"जा."

"झाडाला पाणी कोण घालेल?"

"ते माझं नाही. तिचं आहे."

"म्हणून मारायचं?"

त्यावर कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. आणि मग, अरेती, मी जे बोलले ते ह्या घराच्या प्रत्येक खोलीत गेलं असेल, व्लात्कोच्या न्हाणीत तर नक्कीच गेलं. मी म्हटलं, पाच वर्षं तुम्ही बापलेक माझ्या नावानं भांडताय. ती म्हणते आईला थडग्यात ठेवलं. तू तिला म्हणतोस, तुझ्या आईसाठीच हे घर कोरलं. दोघांच्या तोंडी आई, आई, आई. पण तुमच्यापैकी एकानं, एकदा तरी, मला विचारलं का, की बाई गं, तुला इथं कसं वाटतं? ती मला बाहेर ओढायला निघाली, तू मला आत धरून बसलास, आणि मी मधल्यामध्ये पोळ्या लाटत राहिले!

त्यांना सांगितलं ते तुलाही सांगते, कारण ते तुलाही लागू आहे. तू शिकलीस, शहाणी झालीस, माझ्यासाठी भांडलीस, ते मी पाहिलं. पण तूही विचारलं नाहीस. तू ठरवून टाकलंस. त्या दिवशी तू दारातून बाहेर पडलीस तेव्हा मी मागं धावत आले होते, तुला आठवतं का? तुला वाटलं मी तुला थांबवायला आले. तू थांबली असतीस तर मी काय म्हणणार होते ते तुला आजही माहीत नाही.

त्यांना एवढं सुनावून मी ओट्याशी जाऊन पीठ मळलं, दुसरं काय करणार?

आज सकाळी कुंडीतली माती ओली होती. मी पाणी घातलं नव्हतं.

आई


२८ मार्च

अरेती,

तुझं पत्र आलं. पहिलं पत्र, आणि एका ओळीचं. 'आई, तुला काय हवंय?'

मी पाकिटात परत हात घालून बघितलं, अजून काही आहे का. नव्हतं, आणि लागतही नव्हतं. कुणीतरी विचारलं. मी खुर्ची ओढून बसले आणि रडले, आणि मग रागावले, कारण इतकी वर्षं वाट बघून उत्तर तयार नव्हतं. दोन दिवस कामं करता करता विचार केला. आता लिहिते.

मला हे घर आवडतं. तुला ते पटणार नाही, पण हे घर मला आवडतं. वर माणसं भाजत असतात तेव्हा मी इथं चादर पांघरून झोपते. ह्या भिंतींवर तुझ्या बापाच्या हत्याराच्या खुणा आहेत, त्यांवरून हात फिरवला की कुठली खोली कुठल्या वर्षी झाली ते मला सांगता येतं. हे थडगं नाही. थडग्यात कुणी कॉफी प्यायला येत नाही.

आणि मला समुद्र हवा आहे. वर्षातून एकदा, महिनाभर, तुझ्याकडे. बेटावरून आले त्यानंतर मी तो मोजून तीनदा पाहिला, तिन्ही वेळा कुणाच्या तरी अंत्यविधीला जाताना गाडीच्या काचेतून.

आणि मला तू आणि तुझे बाबा एका टेबलावर हवे आहात. भांडा, पण माझ्याबद्दल नको. भांडायला जगात दुसरे विषय भरपूर आहेत.

एवढंच. त्या दिवशी दारातही मी हेच म्हणणार होते.

हे सगळं मी बाबांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. ते पलंगावर बसून ऐकत होते. तुझी ओळही वाचून दाखवली. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून मागे काही आहे का बघितलं, परत दिला. म्हणाले, "अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे." पाच वर्षांत तुझ्याबद्दल बोललेलं पहिलं वाक्य. मी तरी त्याला चांगलं म्हणते.

दुसऱ्या दिवशी दाढी करून व्लात्कोकडे गेले. दारातून गेले, भोकातून नाही. दोघं तासभर बोलत बसले. त्याची भिंत नीट करून द्यायचं ठरलं आणि बदल्यात त्यानं त्याचा जमिनीत भोक पाडायचा ड्रिलचा ट्रक आणायचं ठरलं. मी विचारलं, ट्रक कशाला? म्हणाले, "झरोका पाडायचाय. डोंगराच्या वरून सरळ खाली."

मला वाटलं, चला, वेलीला माफी मिळाली. दिवसभर मी स्वयंपाकघर आवरलं. पीठ झाकलं, भांडी झाकली, तसबीर आत नेऊन ठेवली, कुंडीवर ओलं फडकं घातलं. काल सकाळी ट्रक वर चढला. बाबा खालून पहारीनं छताला ठोकणार आणि व्लात्को वर जमिनीला कान लावून जागा हेरणार, अशी त्यांची पद्धत. मी ओट्याजवळ उभी. ठोकण्याचा आवाज आला, पण भलतीकडून. आतून. मग बाबा तोंडाला कापड बांधून माझ्या समोरून वर निघून गेले, आणि थोड्या वेळात सगळं घर हादरायला लागलं. धूळ तुझ्या खोलीच्या दारातून येत होती.

मी तशीच एप्रन तोंडाला लावून वर पळाले. ऊन डोळ्यांत, इंजिनाचा आवाज.

"बंद करा! चुकलात! पुन्हा चुकलात! ती अरेतीची खोली आहे!"

व्लात्कोनं इंजिन बंद केलं आणि बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हातारे, खाली जा. डोळ्यांत धूळ जाईल."

मी मनात म्हटलं, झालं, आता चूक कबूल करणार नाहीत. एकदा न्हाणी फोडली, आता हे. दोन म्हातारे, चार डोळे, दोघांना मिळून एक स्वयंपाकघर सापडेना. पण भोक पडलंच होतं, करता काय? संध्याकाळपर्यंत त्यांनी वर पत्र्याचं कडं आणि काच बसवली, खाली राडारोडा उपसला. बाबा दर दोन पाट्यांनी धाप टाकत बसत होते, पण पाटी सोडत नव्हते. दोरखंड आणि पिंपं आपण होऊन बाहेर काढली.

आज सकाळी मी तुझ्या खोलीत गेले. अरेती, जमिनीवर उजेडाचा एक गोल पडला होता. ह्या घरात मी असं कधी बघितलं नाही. तुझ्या खोलीच्या भिंती गुलाबी आहेत, हे मला आज कळलं. तू लहानपणी सारखी विचारायचीस, माझ्या खोलीला खिडकी का नाही, आणि आम्ही म्हणायचो, डोंगराला खिडकी नसते.

मी म्हटलं चुकून का होईना, चांगलं झालं. वेलीचं भाग्य. जाऊन कुंडी उचलून आणली आणि उजेडात बरोबर मधोमध ठेवली. बाबा दारात उभे होते.

"ती तिथं नको."

"अरे, तिच्यासाठीच ना पाडलास झरोका?"

"तिला स्वयंपाकघर बरं आहे. तिथं पोरीचा पलंग यायचाय."

मी कुंडी परत उचलली. ओट्यावर नेऊन ठेवली आणि तुझ्या पलंगाची चादर शोधायला लागले.

पलंग आत न्यायला आत्ता व्लात्को आलाय. दोघं दारात अडकलेत आणि कुठला पाय आधी आत घ्यायचा म्हणून भांडतायत. ईस्टर बारा तारखेला आहे. बसथांब्यावर मी येईन. बाबा येतील का ते मला विचारू नकोस, त्यांनाच विचार.

आई